एटीआर की किंग एअर : तासगावकडच्या एका मुलीसमोरच्या दोन नोकऱ्या

नावं आणि काही खुणा बदलल्यात, दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाहीये. बाकी घडलं तसं लिहितोय. मी पायलट नाही. मूळचा मिरजेचा, बरीच वर्षं क्रू शेड्युलिंगच्या टेबलावर काढली, आधी चार्टर ऑपरेटरकडं, म्हणजे अख्खं विमान भाड्यानं देणाऱ्याकडं, आणि मग शेड्युल्ड, म्हणजे वेळापत्रकानं उडणाऱ्या, एअरलाइनमधे. म्हणजे कोण कधी उडणार, कुठं मुक्काम करणार, त्याची रेस्ट पुरी झाली का, हा हिशेब बघणारा माणूस. त्यामुळं दोन्हीकडची आतली बाजू थोडीफार माहितीय, आणि म्हणूनच हे प्रकरण माझ्याकडं आलं.

पार्श्वभूमी

मुलीचं नाव प्राजक्ता धरू. तासगाव तालुक्यातलं घर, तीन एकर द्राक्षबाग, त्यातला निम्मा माल बेदाण्याला जातो. वडलांना सगळे आप्पा म्हणतात. बारावी सायन्स झाल्यावर पोरीनं पायलट व्हायचं म्हणलं आणि घरानं ते मनावर घेतलं, हे आपल्या भागात अजूनही रोज घडत नाही. डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं) पेपर, क्लास वनचं मेडिकल, मग फ्लाइंग स्कूल. मधे कोविड आला, स्कूल बंद, नंतर विमान रिपेअरला, नंतर पावसाळा, असं करत करत उड्डाणाचे दोनशे तास भरून सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन, हातात आलं ते डिसेंबर २०२२ ला, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसकट.

सगळा खर्च मिळून अठ्ठेचाळीस लाखांच्या घरात गेला. त्यातले पस्तीस लाख बँकेचं एज्युकेशन लोन, घर आणि गावातला एक प्लॉट तारण, उरलेले बेदाण्याच्या पट्टीतून, सोसायटीतून आणि मामाकडून.

अडचण

२०२३ साली कुठलाही पेपर उघडा, पायलटांची टंचाई. फेब्रुवारीत एअर इंडियानं ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, जूनमधे इंडिगोनं ५०० ची. ते वाचून गावातले लोक आप्पांना विचारायचे, "पोरीला अजून विमान मिळालं न्हाय व्हय?" आता हे कुणाला समजावून सांगायचं की टंचाई असते ती कॅप्टनची, दोनशे तासवाल्यांची नसते. त्याच २०२३ मधे डीजीसीएनं एका वर्षात १६२२ सीपीएल दिली, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा, आणि मे महिन्यात गो फर्स्ट ही एअरलाइन बंद पडली तेव्हा एअरबसचं रेटिंग (ते विमान उडवायची खास परवानगी) आणि हजारो तास असलेले लोकही त्याच बाजारात उभे राहिले. प्राजक्ता एका मोठ्या एअरलाइनच्या इंटरव्ह्यूपर्यंत गेली, पुढं गेली नाही.

लोनचा मोरॅटोरियम, म्हणजे हप्ता न भरण्याची सवलत, डिसेंबर २०२३ ला संपला. व्याज धरून रक्कम बेचाळीसच्या पुढं गेलेली, हप्ता साधारण सत्तेचाळीस हजार.

आणि मग वर्षभर काहीच नाही म्हणता म्हणता फेब्रुवारी २०२४ मधे एका पंधरवड्यात दोन ऑफर आल्या.

पहिली एका रीजनल एअरलाइनची. एटीआर ७२ या टर्बोप्रॉप (पंख्याच्या) प्रवासी विमानावर ट्रेनी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करणार, बदल्यात चार वर्षांचा बाँड (त्याआधी सोडलं तर पैसे भरायचे), ट्रेनिंग चालू असेपर्यंत स्टायपेंड जेमतेम राहण्या-खाण्यापुरता, रिलीज झाल्यावर, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या फ्लाइटला सोडल्यावर, पगार सव्वा लाखाच्या आसपास. जॉइनिंग "एप्रिल-मे", तारीख नाही.

दुसरी एका चार्टर कंपनीची. नॉन-शेड्युल्ड, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक नसलेल्या, परमिटवाली, एक किंग एअर बी२०० (छोटं टर्बोप्रॉप) आणि एक छोटं जेट. किंग एअरवर को-पायलट, सुरुवातीला साठ हजार आणि उडेल त्या दिवसाचा भत्ता वेगळा. बाँड दोनच वर्षांचा, पंधरा लाखांचा. जॉइनिंग लगेच, पुढच्या सोमवारी या म्हणाले. उत्तर द्यायला चार दिवस.

घरात दोन तट पडले. मामा चार्टरच्या बाजूनं, कारण हातात आलेली नोकरी सोडू नये आणि हप्ता सुरू झालाय. आई एअरलाइनच्या बाजूनं, तिला चार्टरमधे कुठंही कधीही मुक्काम करावा लागतो याची धास्ती. त्यावर प्राजक्ता म्हणाली, "आई, एअरलाइनला पण नाइट हॉल्ट असतोयच की," आणि तो मुद्दा तिथंच मिटला. आप्पा गप्प. त्यांचा एकच प्रश्न होता, "भाऊ, ह्यातलं टिकणारं कुठलं?"

समोरचे पर्याय

खरं तर पर्याय दोन नव्हते, चार होते, पण ऑफर लेटर हातात असलं की माणसाला बाकीचं दिसत नाही.

तिसरा होता स्वतःच्या पैशानं एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग करायचं, म्हणजे आणखी पंधरा-वीस लाख घालायचे आणि मग मोठ्या एअरलाइनच्या रांगेत उभं राहायचं. एका एजंटनं आप्पांना अर्धा एकर विकायचा सल्लाही देऊन ठेवला होता. हा पर्याय आम्ही एका संध्याकाळीच बाजूला ठेवला. रेटिंग करून घरी बसलेली मुलं मी बघितलीत, आणि रेटिंगवर ठरावीक दिवसांत उडालं नाही तर ते ताजं ठेवायला परत सिम्युलेटरचा खर्च.

चौथा, असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायचं. बारामती, कराड ही ठिकाणं घरापासून काही लांब नाहीत. पगार कमी, पण शिकवताना भरलेले तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा मुख्य पायलट, म्हणून लागतात, आणि नव्या सीपीएलवाल्याकडं नेमकं तेच नसतं. यावर प्राजक्ताचं मन नव्हतं. "परत त्याच सर्किटात फिरायचं का काका?" असं म्हणाली. मी जोर केला नाही.

उरले दोन. इथं मी त्यांना एक गोष्ट सांगितली आणि पुढचे सगळे दिवस तेच धरून बसलो: पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचं की वर्षाला तास किती मिळणार, ते तास पुढच्या लायसनला किती धरले जाणार, आणि विमान उभं राहिलं तर नुकसान कुणाच्या अंगावर पडणार. एटीआरसारख्या ५७०० किलोच्या वरच्या विमानाचं कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचं लायसन, लागतं आणि त्याला किमान १५०० तास. दोनशेपासून पंधराशेपर्यंतचा रस्ता कुठून लवकर आणि धड कटतो, एवढाच प्रश्न आहे. लोक मात्र जेट का टर्बोप्रॉप, युनिफॉर्म कसला, कोण नेता मागं बसतो असल्या गोष्टींत अडकतात.

काय काय तपासलं

तास. चार्टरवाल्यांनी तोंडी सांगितलं वर्षाला चारशे. छोट्या ऑपरेटरकडं हा आकडा कशावर अवलंबून असतो ते मला माहितीय: विमान मेंटेनन्समधे किती दिवस, मालक स्वतः किती फिरतो, निवडणूक आहे का नाही. २०२४ निवडणुकीचं वर्ष होतं, एप्रिल ते जून लोकसभा आणि दिवाळीच्या मागंपुढं विधानसभा, त्यामुळं त्या वर्षी तास मिळणार यात शंका नव्हती. पण पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर फोनसुद्धा वाजत नाही. उलट एटीआर दिवसाला चार-चार, कधी सहा सेक्टर, म्हणजे फेऱ्या, मारतं, छोटे छोटे, म्हणजे तासांबरोबर टेकऑफ-लँडिंगही भरपूर. त्यात एटीआरला ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर हातानं सांभाळावी लागते. नव्या पायलटचा हात त्यानं बसतो असं जुने कॅप्टन सांगतात, आणि मला ते पटतं.

ते तास कसे धरणार. ही खरी गोम. बी२०० हे विमान मुळात एका पायलटनं उडवण्यासाठी सर्टिफाय झालेलं आहे. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की अशा विमानावर देशाच्या नियमानं दुसरा पायलट बसवला, तरी त्या को-पायलटचे तास वरच्या लायसनसाठी जास्तीत जास्त निम्मेच धरतात, मल्टी-क्रू पद्धतीनं, म्हणजे दोघांनी काम वाटून घेऊन, उडवत असाल आणि तसं मान्य करून घेतलं असेल तरच पूर्ण. म्हणजे कागदावर चारशे आणि मोजताना दोनशे, असंही होऊ शकतं. एटीआरला दोन पायलट लागतातच, तिथं ही भानगड नाही. प्राजक्तानं चार्टर कंपनीला मेल टाकून विचारलं की तुमच्या ऑपरेशन मॅन्युअलमधे याबद्दल काय लिहिलंय आणि आधीच्या को-पायलटचे तास पूर्ण धरले गेलेत का. मेलला उत्तर नाही, फोन आला, "सगळे तास लागतील मॅडम, टेन्शन घेऊ नका."

कागद. एअरलाइनचा बाँड चार वर्षांचा, पण त्यात एक ओळ होती जी आम्ही दोनदा वाचली: चार वर्षं जॉइनिंगपासून नव्हे, लाइन रिलीजपासून. म्हणजे ट्रेनिंग लांबलं की बाँड पुढं सरकत जाणार. शिवाय २०१७ पासून एअरलाइनच्या को-पायलटला सहा महिन्यांचा नोटिस पिरियड आहे, कॅप्टनला वर्षाचा, ते वेगळंच.

चार्टरचा बाँड दोन वर्षांचा, पण रक्कम शेवटपर्यंत पंधरा लाखच, पहिल्या महिन्यात सोडा नाहीतर तेविसाव्या. आणि सिक्युरिटी म्हणून आप्पांच्या खात्याचे तीन चेक, सही केलेले, रक्कम कोरी.

इथं आप्पा पहिल्यांदा बोलले. ज्यांना तासगावचा द्राक्षाचा बाजार माहितीय त्यांना सांगायला नको, व्यापारी बाग उचलतो, थोडे पैसे हातावर ठेवतो, बाकीचा चेक देतो आणि एक दिवस फोन बंद. आप्पांचे एका हंगामात असे पैसे बुडाले होते. "दुसऱ्यानं लिहून दिलेला चेक वटला न्हाय भाऊ, आता आपणच कोरा द्यायचा?" एवढं बोलून ते चहा सांगायला उठले. मामाचा आवाज त्यानंतर जरा खाली आला.

कंपनी टिकेल का. हा प्रश्न रीजनलला जास्त लागू. कॅगचा ऑगस्ट २०२३ चा रिपोर्ट सगळ्यांना वाचायला मिळतो. उडान ही छोट्या शहरांच्या विमानांना अनुदान देणारी सरकारी योजना, तिच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ रूटपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांचा काळ पुरा केला तो ११२ नी, आणि त्याच्यापुढं मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. अनुदान संपलं की रूट संपतो, हे कोल्हापूरच्या विमानाची वाट बघत बसलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. तेव्हा आम्ही काय केलं, प्राजक्ताला आठवडाभर फ्लाइटरडारवर (उडती विमानं दाखवणारी वेबसाइट) बसवलं. कंपनीच्या प्रत्येक विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर वहीत आणि समोर रोज टिक, आज उडालं का नाही. दोन विमानं तेवढ्या दिवसांत एकदाही हलली नाहीत, बाकीची रोज फिरत होती. डीजीसीए दर महिन्याला एअरलाइनप्रमाणे प्रवासी, सीट किती भरल्या आणि फ्लाइट किती रद्द झाल्या हे प्रसिद्ध करते, तेही मागच्या सहा महिन्यांचं काढलं. आणि तिथल्या दोन ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरना गाठून विचारलं, मागच्या महिन्याचा पगार कितव्या तारखेला आला. एकानं सांगितलं, वर्षात दोनदा उशीर झाला पण बुडाला नाही. ऐकायला बरं नाही, पण खरं वाटलं. पायलटाला कंपनीबद्दल कसं वाटतं हे विचारू नये, पगाराची तारीख विचारावी, त्यातच सगळं येतं.

"नाही" म्हणायची मुभा. याच्यावर मी जरा जास्त बोललो असेन, पण ते मी टेबलावर बसून बघितलेलं आहे. मराठवाड्यातली एक छोटी धावपट्टी, टॉवर नाही, रनवेला लाइट नाहीत. सभा दुपारी तीनची, साहेब मंचावर आले पावणेपाचला. सूर्यास्त सहाच्या जरा पुढं, आणि नियम असा की व्हिज्युअल, म्हणजे बाहेर बघून उडवायची, फ्लाइट सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढं चालत नाही. साडेपाचपासून कॅप्टनचा मला दर दहा मिनिटांनी फोन, ताफा निघाला का? पीएला लावला की तो म्हणतोय शेवटचा मुद्दा चालूय. मागून लाउडस्पीकर ऐकू येतोय. सहा वाजून गेले, ताफा अजून गावातच. कॅप्टननं सांगितलं, आता नाही, विमान इथंच राहील. साहेब रस्त्यानं गेले, आणि दुसऱ्या दिवशी मालकानं कॅप्टनला ऑफिसात बोलावून जे ऐकवलं ते आम्ही सगळ्यांनी दाराबाहेरून ऐकलं. कॅप्टन पंचावन्नचा होता, हजारो तासांचा, त्याला फरक पडला नाही. शेजारी बसलेला को-पायलट चोवीसचा होता. तो त्या दिवशी काय शिकला, ते मालक कसा वागतो त्याच्यावर ठरतं. सगळे ऑपरेटर असे नसतात, ही पण गोष्ट खरी. मी अशाही ठिकाणी काम केलंय जिथं हवामान वाईट आहे म्हणून कॅप्टननं नाही म्हटलं की मालक स्वतः पार्टीला फोन करून माफी मागायचा.

म्हणून प्राजक्ताला एक प्रश्न विचारायला सांगितला होता: मागच्या वेळी तुमच्या कॅप्टननं उडायला नकार दिला तेव्हा काय झालं? एअरलाइनमधे एचआरनं तो प्रश्न ट्रेनिंग कॅप्टनकडं ढकलला, त्यानं साधं उत्तर दिलं, फ्लाइट डायव्हर्ट झाली, रिपोर्ट भरला, विषय संपला. चार्टर कंपनीतल्या गृहस्थांनी हसून सांगितलं, "आमचे कॅप्टन नाही म्हणत नाहीत, मॅनेज करतात."

निर्णय

चार दिवसांची मुदत आम्ही गोड बोलून आठवड्यावर नेली. बेदाणा शेडमधेच बसलो होतो, बाहेर प्रतवारीचं काम चालू. प्राजक्ता म्हणाली, एअरलाइन. कारणं तिनंच सांगितली: तास पूर्ण धरले जातील, कोरे चेक द्यायचे नाहीत, आणि ते "मॅनेज करतात" तिच्या डोक्यातून जात नव्हतं. मामानं एकच विचारलं, जॉइनिंगची तारीख नाही तोवर हप्ता कोण भरणार? प्रश्न बरोबर होता आणि उत्तर कुणाकडंच नव्हतं. आप्पा म्हणाले, बेदाण्याचा सौदा होईल तो हप्त्याला लावू, औषधाच्या दुकानदाराला जरा थांबवू.

सही करण्याआधी तिनं एअरलाइनकडं तीन गोष्टी लेखी मागितल्या. बाँडची रक्कम दर वर्षी कमी होत जावी, हे मिळालं. बाँड जॉइनिंगपासून मोजावा, नाही मिळालं. जॉइनिंगची तारीख, नाही मिळाली. तरी सही केली. चार्टर कंपनीला नीट मेल लिहून नाही कळवलं. फील्ड एवढुशी आहे, उद्या तोच माणूस दुसऱ्या कंपनीत समोर बसलेला असतो.

पुढं काय झालं

एप्रिल-मे म्हणता म्हणता ग्राउंड क्लास सुरू झाला ऑगस्ट २०२४ च्या शेवटी. मधले पाच महिने वाईट गेले. बेदाण्याचे पैसे मार्च ते जून हप्त्यात गेले, पुढचे दोन हप्ते थकले, बँकेतून फोन यायला लागले. प्राजक्तानं त्या काळात डीजीसीएच्या पेपरची ऑनलाइन शिकवणी घेतली, नॅव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी. त्यात महिन्याला दहा-बारा हजार सुटायचे, पण मुख्य म्हणजे ती विषयाला धरून राहिली, ग्राउंड क्लासला गेल्यावर हात चाचपडले नाहीत.

सिम्युलेटर, मग बेस ट्रेनिंग म्हणजे रिकामं विमान घेऊन टेकऑफ-लँडिंग, मग प्रवासी घेऊन ट्रेनिंग कॅप्टनबरोबर लाइन फ्लाइंग, असं करत ती फेब्रुवारी २०२५ मधे रिलीज झाली. पगार सुरू झाला, थकलेले हप्ते भरले. २०२५ संपताना एटीआरवरचे तास सहाशेच्या जवळ. मधे एकदा पगार बारा दिवस उशिरा आला, त्या ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरनं सांगितल्यासारखंच.

आता दुसरी बाजू, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल. चार्टरची ती जागा तिच्याच बॅचच्या कराडकडच्या एका मुलानं घेतली, मार्च २०२४ मधे. लोकसभेच्या धामधुमीत तो इतका उडाला की प्राजक्ता घरी बसून शिकवणी घेत होती तेव्हा त्याच्या लॉगबुकात दीडशेच्या वर तास पडले होते. लातूर, नांदेड, धुळे, जळगाव, सोलापूर, रोज नवीन पट्टी. पावसाळ्यात तीन महिने शांत. विधानसभेला परत तेच. त्याचे तास निम्मे का पूर्ण यावर बरीच पत्रापत्री झाली, आणि मी हे लिहितोय तोवर तरी त्याला स्पष्ट लेखी उत्तर मिळालेलं नाही. पण दुसरं एक झालं: त्याचं काम बघून एका दुसऱ्या ऑपरेटरनं त्याला जेटवर घेतलं, तिथं दोन पायलट लागतातच, आणि पगार प्राजक्तापेक्षा जास्त आहे. तो खूश आहे. रविवारी घरच्या लग्नाला येतो म्हणून सांगतो आणि शनिवारी रात्री फोन येऊन रायपूरला असतो, पण खूश आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी कोरे चेक. त्या कराडच्या मुलानं कोरे चेक दिलेच नाहीत. आमच्या घरी बँकेचं लोन आहे, चेक देता येत नाहीत, बाँडवर सही घ्या, एवढं म्हणाला आणि कंपनीनं ते चालवून घेतलं. म्हणजे आपण जी अट पक्की समजून बसलो ती सोडा म्हणून सांगून बघता आलं असतं. प्राजक्ताच्या बाबतीत निर्णय त्यानं बदलला असता असं मला वाटत नाही, पण दोन ऑफर हातात असताना एकीला न विचारताच सोडली, हे खरं. बाँडची रक्कमही घासाघीस करून कमी झाली असती, कदाचित.

दुसरं बँक. हप्ते थकायच्या आधी ऑफर लेटर घेऊन मॅनेजरला भेटलं असतं तर हप्ता काही महिने फक्त व्याजापुरता करून मिळायची शक्यता होती. हप्ते थकल्यावर गेलं की बोलणी थकबाकीदाराशी चालतात, आणि सिबिलवर डाग पडतो तो पडतोच. आप्पांना बँकेत आधी जायचा संकोच वाटला, नोकरी नाही हे कबूल केल्यासारखं होतं म्हणून. आपल्याकडं बऱ्याच घरांत हेच होतं.

तिसरं ते इन्स्ट्रक्टरचं. पाच महिन्यांत रेटिंग पूर्ण झालं असतं का, सांगता येत नाही, विमान आणि परीक्षक मिळायला किती वेळ जातो ते स्कूलवर आहे. पण २०२३ चं अख्खं वर्ष फॉर्म भरण्यात गेलं, तेव्हा ते करता आलं असतं, आणि मग चार दिवसांची मुदत देणाऱ्याला जरा वेगळ्या आवाजात उत्तर देता आलं असतं. पायलट-इन-कमांडचे तास आज तिला कमी पडतायत ते पडतायतच.

बाँड रिलीजपासून मोजायची अट मात्र मला अजून टोचते. ट्रेनिंग लांबलं ते कंपनीमुळं, पण त्याची किंमत प्राजक्ताच्या वर्षांत मोजली जातेय. जॉइनिंगपासून मान्य नसेल तर निदान "जॉइनिंगनंतर सहा महिने किंवा रिलीज, जे आधी होईल ते" असा मधला मार्ग सुचवायला हवा होता. सही करायची घाई दोन्हीकडून असते तेव्हाच असं काही पदरात पडतं, नंतर कुणी ऐकत नाही.

सध्या परिस्थिती अशी आहे की एका मोठ्या एअरलाइननं एटीआरवरच्या अनुभवी फर्स्ट ऑफिसरसाठी अर्ज मागवलेत. प्राजक्ताचा बाँड फेब्रुवारी २०२९ पर्यंत, आता सोडलं तर भरायची रक्कम पहिल्यापेक्षा कमी पण तरी आप्पांच्या दोन हंगामांच्या बरोबरीची, आणि वर सहा महिन्यांची नोटिस. नवी कंपनी बाँडचे पैसे भरते असं बाहेर बोललं जातंय. तिनं मेल टाकून विचारलंय की किती भरणार, कधी भरणार, आणि त्याबदल्यात त्यांचा बाँड किती वर्षांचा. एचआरचा फोन येऊन गेला, "जॉइन झाल्यावर बघू." तिनं त्यांना सांगितलंय, मेलवर पाठवा.